चातुर्मासात मंगल कार्यालयात विमान उडवायचं असेल तर

बेळगावात जून ते सप्टेंबर बाहेर रिमोटचं हलकं विमान उडवणं म्हणजे दोरी तुटलेला पतंग उडवणं. पश्चिमेचा वारा दम घेत नाही, आणि खानापूरकडच्या पावसाबद्दल तर बोलायलाच नको. पाऊस उघडला तरी शहराच्या पूर्वेला सांबरा विमानतळ आहे आणि कॅम्पात लष्कराची हद्द. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून काही किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच यलो किंवा रेड झोन धरला जातो आणि तिथं परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्यामुळं मोकळ्यावर जायचंच असेल तर आधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा उघडून बघा.

पण मुळात जायचं कशाला? आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त संपतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे नेमक्या पावसाच्या दिवसांत आपल्याकडची मंगल कार्यालयं कुलपात असतात. वारा नाही, पाऊस नाही, उंच छत, सपाट फरशी. फोमच्या एरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करणाऱ्या, विमानाला याहून वेगळं काही लागत नाही.

हॉल कसा बघायचा

चाळीस फूट रुंद आणि सत्तर फूट लांब, म्हणजे साधारण १२ बाय २१ मीटर, एवढी मोकळी जागा पहिल्या विमानाला पुरे. उंची निदान १५ फूट हवी. मधे खांब असलेला हॉल घेऊ नका. तुम्ही कितीही सांभाळा, विमान खांबच शोधतं. बॅडमिंटन कोर्ट असलेला इनडोअर हॉल मिळाला तर उत्तमच, पण तिथली मंडळी संध्याकाळी जागा सोडत नाहीत.

मी पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा कार्यालय सांभाळणाऱ्या मामांनी वहीतून मान वर केली. “लग्न काय मुंज?” म्हटलं, “दोन्ही नाही मामा, विमान उडवायचंय, तासभर हॉल देता काय?” त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी पिशवीतून विमान काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. वजन जाणवलं तशी त्यांची भीती गेली. ही युक्ती तुम्हीही करा. तोंडानं समजावत बसू नका, विमान हातात द्या. तिथला लाइटवाला कन्नड बोलणारा. त्यानं सगळं बघून एवढंच सांगितलं, “मोदलु फ्यान बंद माडरी.” आधी पंखे बंद करा. तिथून पुढं माझ्या यादीत तेच पहिलं कलम आहे. फिरता पंखा विमान कापतो हे उघडच आहे, पण पंखा बंद केल्यावरही हॉलमधली हवा दोन-तीन मिनिटं घुसळत राहते, तेवढं थांबायचं. पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायच्या. आणि स्टेजवरची झुंबरं, काचेचा देव्हारा, राजाराणीच्या खुर्च्या यांच्या बाजूनं पाठ करून कधीही उभं राहायचं नाही.

ग्रॅम म्हणजे जागा

आता मुद्द्याचं. या छंदात नवखा माणूस मोटर किती ताकदीची, रिमोट किती चॅनेलचा हे विचारतो. विचारायचं असतं ते वजन.

विमान वळताना जो गोल घेतं त्याचा घेर वजनाच्या प्रमाणात वाढतो. पंख तेवढाच ठेवून वजन दुप्पट केलंत तर गोलही दुप्पट. ८० सेंटिमीटर पंखाचं १४० ग्रॅमचं विमान ४५ अंश कलून वळलं तर साधारण ५ मीटर व्यासाच्या गोलात बसतं. त्याच मापाचं विमान ४०० ग्रॅमचं केलं की तोच गोल १५ मीटरच्या आसपास जातो. आपला हॉल १२ मीटर रुंद. म्हणजे भिंतीनं मधे यायचं ठरवलेलंच आहे, तुमच्या हाताचा काही दोष नाही.

हे मला गणितानं कळलं नाही. माझं पहिलं विमान स्टेशनरीच्या दुकानातल्या, दोन्ही बाजूंनी कागद असलेल्या फोमबोर्डचं होतं. वजन ४००च्या वर गेलं. हातातून सुटलं ते थेट स्टेजमागच्या थर्माकोलच्या कमळात. वधूवरांच्या डोक्यावर येणारं ते कमळ मी नंतर रात्री बसून रंगवून दिलं.

अजून एक हिशेब आपल्या गावाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळं मुंबईत कुणी ‘माझं इतक्या ग्रॅमचं छान उडतं’ म्हणालं तर आपण आपलं दहा ग्रॅम कमीच धरावं. इनडोअर एरोबॅटिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा एफ-थ्री-पी नावाचा वर्ग आहे. त्यातली मुरलेली मंडळी ५०-६० ग्रॅमची विमानं उडवतात. आपलं पहिलं लक्ष्य १४०, फार तर १५०.

म्हणून पहिली खरेदी मोटरची करायची नाही, काट्याची करायची. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सराफाच्या टेबलावर असतो तसला. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी त्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत मांडायचा. घरची मंडळी हसतील. हसू देत.

फोम

३ मिलिमीटर जाडीचा डेप्रॉन हा नवख्याला सगळ्यात बरा. हा दाबून काढलेला पॉलिस्टायरीनचा ताव, युरोपात फरशीखाली आणि भिंतीला ऊब धरायला वापरतात त्यातला. चौरस मीटरला साधारण ११०-१२० ग्रॅम भरतो. आपल्या विमानाला जेमतेम अर्धा चौरस मीटर लागतो, म्हणजे ५०-५५ ग्रॅम. कापायला गुळगुळीत, ताठ, आणि पावसाळी हवेत फुगत नाही. दोष एकच, आपटला की तुटतो. दुसरा पर्याय ईपीपी नावाचा फोम. तो रबरासारखा वाकून परत येतो, भिंतीला दहा वेळा धडकला तरी हसतो, पण लिबलिबीत असल्यामुळं त्याला कार्बनचा (कार्बन फायबरच्या पट्ट्या-सळ्यांचा) आधार जास्त लागतो. वजनाचा फायदा तिथंच थोडा जिरतो. माझं मत विचाराल तर पहिलं विमान डेप्रॉनचं करा. तुटेल, पण सरळ उडेल, आणि सरळ उडणाऱ्या विमानावर शिकणं होतं.

दोन्ही गोष्टी बेळगावच्या बाजारात शोधण्यात वेळ घालवू नका, छंदाच्या ऑनलाइन दुकानातून मागवा. आणि बोर्ड रंगवणाऱ्याकडं जाऊन ‘सनबोर्ड’ मागू नका. तो पीव्हीसीचा ताव देईल. त्याचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या घरात असतं. दुकानाची पाटी म्हणून छान, विमान म्हणून पाटीच.

गोंदाची चूक बहुतेक सगळे एकदा करतात. साधा सुपरग्लू डेप्रॉनला लावला की तो फोम खातो, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. डेप्रॉनला ‘फोम-सेफ’ लिहिलेला गोंद किंवा यूएचयू पोर वापरायचा. यूएचयू पोर दोन्ही बाजूंना पातळ पसरून पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचा आणि मग दाबायचा. ओला असताना चिकटवला तर दिवसभर सरकत राहतो. ईपीपीला मात्र साधा सुपरग्लू चालतो. हॉट ग्लू दोन्हीकडं नको: डेप्रॉन वितळतो आणि वजन वाढतं.

कापणं आणि जोडणं

या विमानाला फुगीर पंख नसतात. सगळं सपाट. इतक्या संथ वेगाला सपाट पंख पुरतो, शिवाय सुलट आणि उलट दोन्हीकडं तो सारखाच वागतो, आणि आपल्याला तर उलटंच उडायचं आहे.

नेटवर फुकट मिळणारे आराखडे ए-फोर कागदावर तुकड्यातुकड्यांनी छापून चिकटवा. ८० सेंटिमीटर पंख, ८५ सेंटिमीटर लांबी या मापाचा घ्या. नवं पातं लावलेला कटर, खाली जाड पुठ्ठा, आणि एका दमात न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्या. पातं बोथट झालं की फोम फाटतो, त्याचे दाणे निघतात. पात्यात कंजुसी करू नका, तीन-चार पाती एका विमानाला लागतातच.

हलणाऱ्या भागांची, म्हणजे आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा), एलेव्हेटर (शेपटीचा आडवा, नाक वर-खाली करणारा) आणि रडर (शेपटीचा उभा, नाक डावी-उजवीकडं वळवणारा) यांची, एक कड ४५ अंशांत तिरकी कापायची आणि सांध्यावर पारदर्शक टेप लावायचा. औषधाच्या दुकानात प्लास्टिकचा पातळ सर्जिकल टेप मिळाला तर तो सर्वांत चांगला. कागदी टेप नको. टेप लावताना भाग पूर्ण खाली मुडपून धरा, नाहीतर नंतर तो अर्धाच हलतो.

पंख आणि आडवं धड हा एक ताव. त्याच्या पुढच्या भागात पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर पाडून ३ बाय ०.५ मिलिमीटरची कार्बनची पट्टी उभी बसवायची. मग उभ्या धडाचा वरचा आणि खालचा भाग चिकटवला की समोरून बघताना अधिक चिन्ह दिसतं. इथं घाई केली की पुढं रडायचं. सपाट टेबल घ्या, सुताराचा नाहीतर पोराच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या, आणि गोंद धरेपर्यंत दोन्ही बाजूंना पुस्तकं टेकवून ठेवा. दोन अंशांचा पीळ डोळ्याला दिसत नाही, हवेत मात्र विमान सतत एका अंगावर कलतं आणि तुम्ही रिमोटला शिव्या देता.

त्यानंतर ताणे. १ मिलिमीटरचा गोल कार्बन रॉड धडाच्या तळापासून पंखाच्या मध्यापर्यंत, दोन्हीकडं, आणि शेपटीलाही तसाच. त्रिकोण झाला की लिबलिबीत ताव एकदम ताठ होतो. बघताना जादू वाटते. कार्बन संपला तर बुरडाकडची बांबूची कामटी दीड-दोन मिलिमीटरपर्यंत तासून ताण्याला चालते. संक्रांतीला पतंग बांधलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पंखातल्या मुख्य पट्टीला मात्र कामटी नको, लिबते. कार्बन घासताना तोंडाला रुमाल बांधा, त्याची कुसळं वाईट असतात. आणि कार्बनमधून वीज जाते, बॅटरीच्या उघड्या तारा त्याला लागू देऊ नका.

मोटर, सर्व्हो आणि बाकी

माझ्या वहीतलं एका विमानाचं पान असं आहे: फोम ५३, कार्बन ११, गोंद-टेप ५, मोटर १२, प्रोपेलर आणि त्याचा रबरी धारक ३, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ७, तीन सर्व्हो (हलणारे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) १३, रिसीव्हर (रिमोटचे इशारे घेणारा) ४, सळ्या-हॉर्न (सर्व्होची ओढ त्या भागांपर्यंत नेणारे) ५, बॅटरी २०. बेरीज १३३. आणखी पाच-सात ग्रॅम कुठून येतात ते देवाला माहीत, पण येतात.

मोटर १०-१२ ग्रॅमची, २००० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टमागं मिनिटाला तेवढे फेरे) आसपासची. तिला टू-एस (दोन सेलची), ३०० एमएएचची लायपो बॅटरी आणि ७ बाय ३.५ किंवा ८ इंची ‘स्लो फ्लाय’ प्रोपेलर. तिनं विमानाच्या वजनाच्या दीडपट तरी ओढायला हवं, नाहीतर विमान नाक वर करून हवेत उभं राहणार नाही. काट्यावर तपासता येतं: मोटर उलटी बांधून वारा वर जाईल असं ठेवा आणि काट्यावरचा दाब वाचा. प्रोपेलर स्क्रूनं आवळू नका, रबरी रिंगचा धारक घ्या. भिंतीला लागल्यावर प्रोपेलर निसटून पडतो, मोडत नाही. रिंगा मात्र दर महिन्याला बदला.

सर्व्हो साडेचार ग्रॅमपर्यंतचे. सहज मिळणारे निळे ९ ग्रॅमचे तीन घेतले की तिथंच १३-१४ ग्रॅम वाढले. आयलेरॉनला मध्ये एक आणि शेपटीला दोन. रिसीव्हरचं प्लास्टिकचं कवच काढून त्यावर पातळ श्रिंक नळी चढवली की आणखी दोन ग्रॅम वाचतात. मोटर उजवीकडं दोनेक अंश वळवून बसवा. खाली-वर शून्य.

रिमोटमध्ये तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, मोटर पूर्ण बंद करणारं बटण. दोन, फेलसेफ: रिमोट बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे, हे विमान हातात घट्ट धरून तपासा. तीन, पृष्ठभागांची दिशा. स्टिक उजवीकडं नेली की उजवं आयलेरॉन वर उठलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या दोघांनी पहिलं उड्डाण उलट्या आयलेरॉनवर केलं. दोन्ही उड्डाणं सेकंदभराची झाली.

सुरुवातीला आयलेरॉन आणि एलेव्हेटर २० अंश, रडर ३० अंश हलू दे, एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल नरम करणारी सेटिंग) ३०-४० टक्के. कोलांट्या मारणारे ४५ अंश वापरतात, ते तुमच्यासाठी अजून नाही.

तोल पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून ३० टक्क्यांवर येऊ द्या. दोन बोटांच्या टोकांवर तिथं धरून विमान आडवं राहिलं पाहिजे. नाहीतर बॅटरी पुढं-मागं सरकवा. नाकात शिसं घालायची वेळ आली तर आराखड्यात काही चुकलंय. मागं जड झालेलं विमान नाच चांगला करतं पण नवख्याच्या हातात राहत नाही.

उडवणं

आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर पंधरा-वीस तास. हे कुणालाच आवडत नाही आणि जो टाळतो त्याचं विमान पहिल्या रविवारी संपतं. विमान आपल्याकडं तोंड करून येताना डावं-उजवं उलटतं, ते बोटात बसायला तेवढा वेळ लागतोच.

हॉलमध्ये एका लांब भिंतीला पाठ लावून, मध्यभागी उभे राहा. सोबतीला एक माणूस घ्या. तो विमान सोडेल आणि दारातून कोणी पोर धावत आलं तर ओरडेल. हातातून फेकायचं नाही, नाक किंचित वर धरून ढकलायचं. १४० ग्रॅमचं विमान सेकंदाला चार-साडेचार मीटर जातं, म्हणजे लांबीच्या २१ मीटरना पाच सेकंद. त्यातले दोन सेकंद वळायला. म्हणून पहिला धडा सरळ जाण्याचा नाही, गोल फिरण्याचा. एकाच दिशेनं, डोळ्यांच्या उंचीवर, गोल. थ्रॉटलनं (मोटरचा जोर कमी-जास्त करून) उंची सांभाळायची, एलेव्हेटरनं वेग. उलट वाटतं, पण खाली यायला लागलं म्हणून नुसता एलेव्हेटर ओढलात तर विमान थबकतं आणि एका पंखावर पडतं. थोडा थ्रॉटल द्या, नाक आपोआप सावरतं.

एका दिशेचे गोल झोपेत जमू लागले की दुसरी दिशा, मग इंग्रजी आठ. आठ जमला म्हणजे हॉल तुमचा झाला. इथंपर्यंत यायला मला सहा-सात रविवार लागले. तुम्हाला कमी लागतील.

मग उलटं उडणं. भिंतीला समांतर जाताना विमान एका अंगावरून लोळवून उलटं करा आणि एलेव्हेटर थोडा पुढं ढकला. ओढायचा नाही, ढकलायचा! घाबरल्यावर हात आपोआप ओढतो आणि विमान फरशीत शिरतं. म्हणून हे छताच्या जवळून सुरू करायचं. त्यानंतर हॅरिअर, म्हणजे नाक ४५ अंश वर ठेवून चालण्याच्या वेगानं पुढं सरकणं. आणि नाइफ-एज, म्हणजे पंख उभा करून रडरवर तरंगणं. त्यात उभं धड पंखाचं काम करतं, म्हणूनच ते एवढं रुंद कापलेलं असतं.

शेवटी हॉव्हर, प्रोपेलरवर लटकणं. विमान नाक वर करून उभं करायचं आणि रडर-एलेव्हेटरनं काठी तळहातावर तोलावी तसं तोलायचं. थ्रॉटल एका जागी धरून चालत नाही, सतत टिचक्या मारत राहायचं. पहिल्यांदा तीन सेकंद लटकलं तेव्हा मामा खुर्चीवरून उठून मधोमध आले होते. मी त्यांना बघितलं आणि विमान पडलं.

प्रोपेलरला हलका समजू नका. पूर्ण वेगात तो बोट चांगलंच कापतो आणि डोळ्याला तर सोडतच नाही. विमान हातात असताना मोटर बंद करणारं बटण दाबलेलंच. बघायला आलेली पोरं भिंतीला पाठ लावून, तुमच्या मागं.

बॅटरी आणि डागडुजी

३०० एमएएचच्या बॅटरीवर पाच मिनिटं उडवा, टायमर लावून. सेलला ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका. चार्जिंग ०.३ अँपियरनं, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत, आणि फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर चार्जिंगला लावून जेवायला जाणाऱ्यांची गोष्ट मी इथं सांगत नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, पिळून सपाट करायची तर मुळीच नाही.

डेप्रॉन तुटला की तुकडे जपून उचला. हॉलच्या फरशीवर मागच्या लग्नाच्या अक्षता असतात आणि पांढरा दाणा कुठला आणि फोम कुठला ते चटकन कळत नाही. त्याच चिरेत फोम-सेफ गोंदाचा एक थेंब, वरून टेपची बोटभर पट्टी. प्रत्येक दुरुस्तीनंतर वजन करून पंखाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. माझ्या एका विमानावर १३८ पासून १७१ पर्यंत आकडे आहेत. १७१ला ते आमच्या हॉलमध्ये वळेनासं झालं, मग मोटर-सर्व्हो काढून नवीन धडावर चढवले. धडाला दोन संध्याकाळी लागतात, इलेक्ट्रॉनिक्स वर्षानुवर्षं तेच चालतं.

तुळशीचं लग्न झालं की मामांची वही परत भरते आणि आपला हंगाम संपतो. बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवा. विमान नाकाला दोरा बांधून भिंतीच्या खिळ्याला टांगा. माळ्यावर आडवं टाकलं तर पंख पिळतो. आणि घरात सांगून ठेवा की त्या कार्बनच्या ताण्यांवर रुमाल वाळत घालायचे नाहीत. आमच्याकडं हे दर वर्षी सांगावं लागतं.